मागची चाकं रुंद करताना

ती गाडी आमच्या घरात आणली नवऱ्याने आणि कापली मी. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणारे नेहमी उलटं समजतात. आमच्या रस्त्यावरचं कुणीही मला गॅरेजच्या दारात पत्रा कापायचा ग्राइंडर घेऊन उभी पाहिलं की विचारायचं, "नवरा कुठे आहे?" नवरा आत सोफ्यावर असायचा. गाड्या कशा कापाव्यात याचे व्हिडिओ बघत.

आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमधले. तो नागपूरचा, मी पुण्याची. वर्क व्हिसावर इकडे आलो आणि बेसिंगस्टोकच्या एका शांत वस्तीत घर घेऊन राहिलो. माझं काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात काय लपलंय ते दिवसभर शोधायचं. स्क्रीनचा वीट आला म्हणून एका हिवाळ्यात मी इथल्या कॉलेजात संध्याकाळच्या वेल्डिंगच्या वर्गाला जायला लागले. वर्गात बाई मी एकटीच. पहिल्याच आठवड्यात बुटात ठिणगी गेली आणि पायावर डाग राहिला, तो अजून आहे. पण दोन पत्रे वितळून एकमेकांत मिसळताना बघितले आणि मला जे समाधान वाटलं ते ऑफिसात कधीच वाटलं नव्हतं. घरी येऊन मी ते नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग आता आपण गाडी घेऊया."

त्याला ती लहानपणापासून हवी होती. अमेरिकन, सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, पुढे लांबलचक बॉनेट आणि त्याखाली आठ सिलिंडरचं इंजिन. नागपूरच्या घरी त्याच्या टेबलावर कॅलेंडरमधून कापलेलं तसल्या गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं, हे त्याच्या आईनेच मला लग्नात सांगितलं होतं. त्यामुळे तो त्या गाडीबद्दल बोलायला लागला की मला त्याचं कौतुक वाटायचं. मोठ्या माणसाला एवढा साधा हट्ट असावा, हे मला आवडायचं.

गाडी मिळाली विल्टशरमधल्या एका खेड्यात. विकणारे गृहस्थ निवृत्त, पांढरेशुभ्र केस, शर्टाची इस्त्री कडक. त्यांचं गॅरेज माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होतं. फरशीला रंग दिलेला, पाने आणि स्क्रूड्रायव्हर भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले. मध्ये ती गाडी, गडद हिरवी, आरशासारखी चकचकीत. आम्हाला त्यांनी बशीत ठेवलेल्या कपांतून चहा दिला, लिंबाचा केक दिला.

"हिला मी पावसात कधी बाहेर काढलेलं नाही," ते म्हणाले.

नवरा गाडीभोवती देवळात घालावी तशी प्रदक्षिणा घालत होता. मी मागच्या चाकाच्या वर, पत्र्यावर बोटाच्या पेराने हलकेच वाजवून पाहिलं. आवाज बद्द आला. मी दुसऱ्यांदा वाजवणार तोच ते गृहस्थ म्हणाले, "तुमचा चहा गार होतोय हं," आणि खिशातून मऊ फडकं काढून जिथे माझी बोटं लागली होती तिथे पुसून घेतलं. मला तेव्हा ते प्रेम वाटलं. गाडीवर एवढं प्रेम असलेला माणूस आपल्याला गाडी देतोय, असं वाटलं. परतताना मी नवऱ्याला एवढंच म्हटलं की, एकदा कुणाकडून तरी खालून तपासून घेऊया. तो म्हणाला, "अगं, एवढ्या जुन्या गाडीला तपासणीची सक्ती नसते इथे." सक्ती नसते हे खरंच होतं. मी विषय सोडला.

तो उन्हाळा मजेत गेला, हे कबूल करायला हवं. आम्ही गाडी घेऊन समुद्रावर जायचो. आमची मुलगी अकरा वर्षांची, मागच्या सीटवर बसून शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात हलवायची. तिची एकच तक्रार असायची.

"आई, इकडे हॅमस्टरची वास येते."

"हॅमस्टरचा वास येतो," नवरा पुढून म्हणायचा.

"तेच. येतो. खूप येतो."

त्याने लिंबाच्या वासाचं एक कार्ड आणून आरशाला टांगलं. मग लिंबू आणि हॅमस्टर असा दोन्हींचा वास यायला लागला.

रविवारी एका पबच्या पार्किंगमध्ये अशा गाड्यांची मंडळी जमायची. तिथे नवऱ्याच्या गाडीचं कौतुक झालं, पण एक दाढीवाला गाडीच्या मागे वाकून म्हणाला की, एवढ्या दणकट अंगाला मागची चाकं म्हणजे आजीबाईच्या सपाता दिसतात. सगळे हसले. नवराही हसला, पण घरी आल्याबरोबर टेप घेऊन मागची चाकं मोजायला लागला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डोक्यात रुंद टायर बसले.

रुंद टायर नुसते आणून लावता येत नाहीत. चाकाच्या भोवती आतल्या अंगाला पत्र्याची अर्धगोल कमान असते, तिला व्हील वेल म्हणतात. तिचा फुगवटा डिकीत आणि मागच्या सीटच्या कडेला दिसतो. टायर रुंद केला की तो या कमानीला आतून घासतो. म्हणून मग कमान उभी चिरायची, आतला अर्धा भाग चॅसीच्या दांड्यापर्यंत आत सरकवायचा आणि मधल्या फटीत नवी पट्टी वेल्ड करायची. बाहेरून गाडी तशीच दिसते, पण मागून पाहिलं की चाकं भरदार दिसतात. काम कठीण नव्हतं, किचकट होतं. मला ते करावंसं वाटलं. इतके दिवस वर्गात लोखंडाचे निरुपयोगी चौकोन जोडून झाले होते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही मागची सीट काढली. सीट निघाली आणि वास एकदम मोकळा झाला. नवरा दोन पावलं मागे गेला. मी तोंडाला मास्क लावला, कार्पेट उचललं. कार्पेटखालचा जाड नमदा ओला होता, आणि हाताला इतका बुळबुळीत लागला की मी हात झटकला. पावसात कधीही न काढलेल्या गाडीचा नमदा.

उजव्या कमानीवर मी खडूने रेघ आखली आणि ग्राइंडर लावला. लोखंड कापताना ठिणग्या उडतात. इथे ठिणगी उडाली नाही. गुलाबीसर पांढरी धूळ उडाली, गॅरेजभर, केसांत, पापण्यांवर. मी मशीन बंद केलं. ती लांबी होती. खड्डे बुजवायला पेंटर लावतात ती. पातळ थर असता तर मी काही म्हटलं नसतं. ही बोटभर जाड होती आणि तिच्या खाली पत्राच नव्हता.

"काय झालं?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"इथे गाडी नाहीये," मी म्हटलं.

छिन्नी लावून मी एक तुकडा उचकटला. खाली पिवळा फोम, खिडक्यांच्या फटीत फवारतात तो, पाणी पिऊन फुगलेला, तपकिरी. त्याच्याही खाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी. जाळीवर बिस्किटांच्या डब्याचा चेपलेला पत्रा, त्यावर गुबगुबीत गालांच्या मुलाचं चित्र अजून दिसत होतं. आणि त्या सगळ्याला एकत्र धरून ठेवायला राळेत बुडवलेलं एक कापड. मी ते पक्कडीत धरून ओढलं. ते फाटत फाटत बाहेर आलं, आणि मला बाही दिसली, मग गळा. तो पुरुषाचा बनियन होता. काखेपाशी पिवळा. कुणीतरी अंगातला बनियन काढून राळेत बुचकळून आमच्या गाडीत कमानीच्या पत्र्याच्या जागी भरला होता.

त्या बनियनच्या मागे उंदरांचं घरटं होतं. नमद्याचे कुरतडलेले तुकडे, लेंड्या, आणि त्यात दोन उंदीर, एक वाळून कागदासारखा झालेला आणि एक तसा न झालेला. मी मास्क काढून बाहेर पळाले आणि गुलाबाच्या वाफ्यात ओकले. शेजारच्या बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "तू ठीक आहेस ना, डिअर?" मी हात हलवला.

पण त्याहून वाईट पुढे होतं. मी परत आत गेले, कारण अर्धवट बघून मला राहवलं नसतं. कमानीच्या पायथ्याशी, जिथे ती गाडीच्या तळाच्या पत्र्याला मिळते, तिथे मागच्या सीटबेल्टचा पट्टा अडकवायचा बोल्ट होता. वरून पाहिलं तर नवा, चकचकीत. मी पाना लावला आणि बोल्ट नुसता फिरत राहिला. जरा ओढला, तर लांबीचा गोळा बरोबर घेऊन अख्खा हातात आला. त्याच्या खाली गंजाचा भुगा होता आणि भुग्याखाली गॅरेजची फरशी दिसत होती.

माझी मुलगी उन्हाळाभर त्या पट्ट्याला बांधलेली होती. मोटरवेवर, ताशी सत्तर मैलांच्या वेगाने, लोकांना हात हलवत.

मी तो बोल्ट नवऱ्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाला, "शिट." मग खाली बसला. त्या वेळी आम्ही दोघं एकाच बाजूला होतो, हे मला आवर्जून सांगायचंय.

फोन मी केला. त्या गृहस्थांनी लगेच उचलला, आवाज तसाच मऊ. मी काय काय निघालं ते सांगितलं. बनियनचं सांगितलं तेव्हा पलीकडून श्वास ऐकू आला.

"तुम्ही तिला कापलंत?" ते म्हणाले.

"हो. चाकांसाठी."

"पण का? इतकी सुंदर गाडी. तुम्ही लोक गोष्टी आहेत तशा राहू का देत नाही?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी म्हटलं, "मागच्या पट्ट्याचा बोल्ट लांबीत बसवला होता. माझी मुलगी तिथे बसत होती."

"हे माझ्या आधीच्या मालकाने केलेलं आहे," ते म्हणाले. "मी फक्त वरून रंग नीट करून घेतला. आणि मागे कुणाला बसवायला मी सांगितलं नव्हतं. मी स्वतः कधी कुणाला बसवलं नाही."

म्हणजे त्यांना माहीत होतं. स्वतःच्या माणसांना ते तिथे बसवत नव्हते. मी फोन ठेवला आणि हात धुतले, साबण लावून, दोनदा. फोनमधून काही अंगाला लागत नाही हे मला कळत होतं, तरी धुतले.

पुढचे काही दिवस गॅरेजचं दार बंद होतं. वास तरीही घरात यायचा. मधल्या दाराच्या फटीतून जिन्यापर्यंत. मी भाजीला फोडणी दिली तरी त्याखालून तो यायचा. मुलगी नाक दाबून शाळेला जायची. नवरा त्या दिवसांत फोनवर कुणाशी तरी बराच बोलायचा. पबच्या पार्किंगमधला तो दाढीवालाच होता, असं मागाहून समजलं.

एका संध्याकाळी जेवताना त्याने विषय काढला. मुलगी वर तिच्या खोलीत होती. मी वरण वाढत होते.

"मी विचार करत होतो," तो म्हणाला, "आपण ती विकून टाकूया."

"कुणाला? भंगारवाल्याला?"

"तसं नाही. उजवी बाजू भरून घ्यायची पुन्हा, रंग मारायचा. डावी तर आपण उघडलेलीच नाही. आपल्याला जशी मिळाली तशीच पुढे द्यायची. आपण काही वाईट करत नाही, आपण तिची अवस्था बदलत नाही, एवढंच."

मी डाव तसाच धरून उभी राहिले. "मागच्या सीटवर कोण बसेल?"

"तो त्यांचा प्रश्न आहे ना. त्यांनी तपासून घ्यावी."

"आपण घेतली होती?"

"म्हणूनच म्हणतोय. चूक आपली होती, आपण फसलो. मग आपणच का बुडायचं?"

तो हे अगदी शांतपणे बोलत होता आणि बोलता बोलता भात कालवत होता. त्याच्या बोटांना वरण लागलेलं होतं. ही बोटं मी इतकी वर्षं पाहिली आहेत. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना. चिडले असते तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. पण मला शिसारी आली होती, आणि आपल्याच माणसाची शिसारी आल्यावर काय करायचं असतं हे मला माहीत नव्हतं. मी ताट झाकून ठेवलं आणि म्हटलं, "मी यात नाही."

"तू काही करू नकोस. मी बघतो," तो म्हणाला.

त्याने खरंच बघितलं. पुढच्या शनिवारी मी मुलीला पोहायला घेऊन गेले होते. परत आले तर गॅरेजमधून घासण्याचा आवाज येत होता. दार अर्धं उघडं होतं. तो गुडघ्यांवर बसून, चष्म्यावर धूळ घेऊन, सॅंडपेपरने कमान घासत होता. फोमचा नवा डबा शेजारी रिकामा पडला होता. लांबी त्याने इतकी सुबक लावली होती की, मी थक्क झाले. या माणसाने घरात कधी खिळा सरळ ठोकला नव्हता. गाडीवर त्याने स्वतःच्या हाताने केलेलं पहिलं काम हे होतं. तो मधूनच थांबून तळहात फिरवून बघत होता, कुठे उंचवटा लागतोय का. अगदी मायेने.

मी आत गेले. त्या रविवारी त्याने आतून काळा रंग मारला, कार्पेट नवं टाकलं, बोल्ट होता तिथे लावला, मागची सीट परत बसवली. आणि जाहिरात टाकली.

बघायला आले ते कार्डिफहून. तरुण जोडपं, दोघंही तिथल्या हॉस्पिटलात नर्स. नाइट शिफ्ट संपवून तसेच निघाले होते, डोळे लाल, पण चेहऱ्यावर सणाला आल्यासारखा आनंद. त्याच्या वडिलांकडे कधीकाळी अशी गाडी होती, तो सांगत होता. ती सातव्या महिन्यात असावी, पोटावर हात ठेवून हळूहळू चालत होती. माझ्या नवऱ्याने त्यांना चहा विचारला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आपण यात नाही, असं मी स्वतःला बजावलेलं होतं.

नवऱ्याने इंजिन चालू करून दाखवलं. तो मुलगा हसायलाच लागला, तो आवाज ऐकून. मग ती बाई दार उघडून, सीट पुढे करून, मागे वाकली.

"मागे पट्टे आहेत ना?" तिने विचारलं. "बाळाची सीट लावता येईल?"

खिडकी उघडी होती, मला स्वच्छ ऐकू आलं. नवऱ्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे. मग तिच्याकडे वळून म्हणाला, "हो. ओरिजिनल आहेत."

मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले. गॅरेजच्या भिंतीवरचा हातोडा घेतला. "जरा बाजूला होता का?" मी त्या बाईला म्हटलं. ती घाबरून मागे सरली. मी कार्पेट ओढलं आणि त्या गुळगुळीत काळ्या कमानीवर हातोडा मारला. दोन घावांत कवच फुटलं, तिसऱ्यात मोठा पोपडा खाली पडला आणि आतला फोम दिसला. आत डांबून ठेवलेला वासही बाहेर आला. बोल्ट मी हाताने उपटून तिला दाखवला.

"इथे कुणाला बसवू नका," मी म्हटलं. "ही गाडी घेऊ नका."

इंजिन चालूच होतं. त्या मुलाने आधी माझ्या हातातल्या बोल्टकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो त्याला मारेल असं मला एक क्षण वाटलं. पण बाईने त्याचा दंड धरला. "चल," ती म्हणाली. जाताना तिने आमच्याकडे बघितलं, बुटाला काहीतरी लागल्यावर माणूस बघतो तसं. दोघांकडे सारखंच. तिच्या दृष्टीने रंग मारणारा आणि रंग मारेपर्यंत गप्प बसलेली, यात फार फरक नव्हता. मला ते तेव्हा फार लागलं. मी तर वाचवलं होतं ना तिला. पण ती बरोबर होती. मी खिडकीत उभी राहून तिने प्रश्न विचारायची वाट बघितली होती.

ते गेल्यावर नवऱ्याने इंजिन बंद केलं. "माझी अशी इज्जत काढायची गरज नव्हती," तो म्हणाला.

"तू हो म्हणालास. तिचं पोट दिसत होतं तुला, तरी हो म्हणालास."

"मी एवढा विचारच केला नव्हता."

"केला होतास," मी म्हटलं. "म्हणून तर इतकं साफ घासलंस."

तो आत गेला. त्यानंतर आमच्यात दूध संपलंय, मुलीला कोण आणणार, एवढंच बोलणं चालायचं. मी मुलीच्या खोलीत झोपायला लागले. तिला सांगितलं की, बाबा घोरतो. ती म्हणाली, "बाबा तर नेहमीच घोरतो." ती काही विचारणारी मुलगी नाही, पण तिने बोल्ट पाहिला होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत मी तो ठेवलेला होता आणि कुणीही उचलला नव्हता.

गाडीचं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही. ती तशीच कुजत ठेवणं मला सहन होईना, एवढंच कारण. नोव्हेंबरात मी पुन्हा मास्क चढवला आणि दोन्ही बाजू उघडल्या. डाव्या बाजूची अवस्था तीच होती, फक्त बनियनऐवजी तिथे टॉवेल होता. मी सगळं ओरबाडून काढलं, पार चांगलं लोखंड लागेपर्यंत. फावड्याने भरून पोत्यांत टाकलं. त्या पोत्यांच्या तोंडाची गाठ मारताना मी श्वास रोखून धरायचे. अंघोळीनंतरही केसांत तो वास यायचा आणि ऑफिसात मी मीटिंगमध्ये जरा लांबच बसायचे.

आतल्या कमानी नव्याने करायच्याच होत्या, तर मग रुंदच केल्या. त्यातच काय ते सुख होतं. पुठ्ठ्याचे साचे कापले, ते बसवून पाहिले, मग पत्रा कापला, वाकवला. चॅसीचा दांडा मात्र सुदैवाने शाबूत होता. कमानीचा आतला भाग त्या दांड्याला नेऊन भिडवला, मध्ये पट्टी घातली आणि छोटे छोटे टाके मारत पुढे गेले, एक इथे, एक तिथे, पत्रा तापून वेडावाकडा होऊ नये म्हणून. पट्ट्याच्या बोल्टाखाली जाड प्लेट घातली, चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड केली. मग पाना घालून त्यावर माझं अख्खं वजन टाकलं. ती हलली नाही.

एका दुपारी मी गाडीखाली आडवी असताना मला नवऱ्याचे बूट दिसले. तो नुसताच उभा होता. मी म्हटलं, "दिवा धर." त्याने वाकून दिवा धरला. बराच वेळ धरून होता. हात भरून आला तेव्हा त्याने हात बदलला. त्यानंतर तो अधूनमधून यायला लागला. पोती त्याने एकट्याने कौन्सिलच्या कचराकेंद्रावर नेली. परत आल्यावर तो गुलाबाच्या वाफ्याकडे वाकून उभा राहिलेला मला दिसला. मी त्याला विचारलं नाही आणि मला त्याची कीवही आली नाही.

काम झाल्यावर गाडी मी तपासणीला नेली, सक्ती नसताना. तिथल्या माणसाने दिवा घेऊन खालून बघितलं, ठोकून बघितलं आणि पास केली. रुंद टायर चढवले. मागून आता ती खरंच दांडगी दिसते, हे मी नाकारत नाही. लोक थांबून बघतात. मला मात्र तिच्याकडे बघताना रंगाखालचं दिसतं, आणि तो हिरवा रंग आता मला कुठल्याच वस्तूवर बघवत नाही. त्या रंगाची एक साडी होती माझी, ती मी देऊन टाकली.

फेब्रुवारीत, रस्ते कोरडे असताना, पहिली फेरी मारायची ठरली. चालवणार मी. मुलगी तयार होऊन आली आणि दाराशी थबकली. मागे बस, असं तिला सांगायची माझी जीभ वळेना, प्लेट मी स्वतः वेल्ड केलेली असूनही. तेवढ्यात नवऱ्याने पुढची सीट दुमडली आणि तो मागे जाऊन बसला. उजव्या बाजूला, ती बसायची तिथेच. एवढा उंच माणूस, गुडघे हनुवटीला लागत होते. त्याने पट्टा ओढला आणि लावला.

मुलगी माझ्या शेजारी पुढे बसली. आम्ही वस्तीतून बाहेर पडलो, राउंडअबाउट घेतला, मोटरवेला लागलो. मी आरशात पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता, एका हाताने पट्टा धरून. मला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण आधी त्याच्याकडे जसं निःशंक बघता यायचं तसं बघता येत नव्हतं, आणि पुढे कधी येईल की नाही हे त्यालाही माहीत नसावं.

"टायर घासतायत का?" त्याने मागून ओरडून विचारलं.

मी कान दिला. इंजिनाच्या गडगडाटात नीट कळत नव्हतं.

"नाही," मी म्हटलं, आणि वेग कमी करून डावीकडची, हळू गाड्यांची लेन घेतली.